न उघडलेली बाटली

मी नाकारलेले जावईबापू,

तुमचा वैद्य मारायला मला खर्च आला तो औषधाच्या एका बाटलीचा, आणि तीही मी उघडली नाही.

तुमच्या त्या ऑनलाइन खेळात पात्र एकदा मेलं की कायमचं मेलं, वर्षभराची मेहनत मातीत. तरी सगळे तलवारी घेत असताना तुम्ही वैद्य निवडलात. मी मुलीला म्हटलं, "दुसऱ्याच्या जखमा बांधत फिरणारा हा प्राणी माझं दुकान उधारीत बुडवेल." ती म्हणाली, "बाबा, एकदा खेळून तर बघा त्याच्याबरोबर. मग नाही म्हणा."

खेळलो. ढाल घेतली आणि गुहेत मुद्दाम राक्षसांच्या घोळक्यात शिरलो. माझे कान तिखट. हेडफोनमध्ये तुमच्या आईचं बोलणं ऐकू आलं, "पळ रे, मरशील!" तुम्ही हसलात, "अगं, सासरे एकदाच मिळतात." परत आलात, मला बरं केलंत आणि स्वतः घेरले गेलात.

"काका, एक बाटली द्या ना, लवकर!"

"संपल्या हो," मी म्हणालो. पडद्यावर माझ्या झोळीत एक स्पष्ट दिसत होती. तुम्ही मेलात, वर मलाच म्हणालात, "असू दे काका, तुम्ही वाचलात ना!"

असा भोळसट माणूस संसार काय राखणार? हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो तो माणसं ओळखत. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मुलगी तुमच्याकडे निघून गेल्यावर तिच्या आईनं सांगितलं: खेळ संपेपर्यंत ती माझ्या खुर्चीमागेच उभी होती.

तिचा बाप