अध्यक्ष अधांतरी असताना

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार (दोन्ही गुडघे धरल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगांनी, गोड मानून घे). तिकडे परदेशात तू, तुझी लेक आणि नवी नात तिघी सुखरूप असालच. इकडे मी बरा आहे, भावोजी ठणठणीत आहेत आणि आपल्या इमारतीत राज्यक्रांती झाली आहे. घाबरू नकोस, रक्त सांडलं नाही. थोडा चहा सांडला.

आपल्या सोसायटीत कागदोपत्री लोकशाही आणि वहिवाटीने राजेशाही आहे, हे तुला मी काय सांगावं? राजेसाहेबांचा डबा तूच भरतेस. नियमावलीही तुझ्या यजमानांनीच रचलेली. अध्यक्ष खुर्चीत बसल्याशिवाय सभा नाही आणि सभेच्या ठरावाशिवाय सामाईक वस्तूची मोडतोड नाही. (सूत्रं अशी घट्ट, की शास्त्रकारांनी मान खाली घालावी.) तर रविवारी वार्षिक सभेत पुन्हा बिनविरोध निवडून येण्यासाठी भावोजी इस्त्रीचा सदरा घालून आपल्या लाडक्या नव्या लिफ्टने निघाले, आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. खालच्या बाजूला वीतभर फट राहिली होती. तिच्यातून आम्हाला अध्यक्षांचे फक्त बूट दिसत. पादुकांनी राज्य चालवल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पाय आत असलेल्या पादुका आणि वरून येणाऱ्या सूचना, हा प्रकार नवीन होता.

आधी अराजक माजलं. जिन्यात सगळेच हुकूम सोडत होते आणि ऐकायला कुणीच शिल्लक नव्हतं. मग व्यायामशाळेत जाणाऱ्या एका जावयाने एकाधिकारशाही पुकारली. ती त्याच्या सासूबाईंनी "तुम्ही गप्प बसा हो" एवढ्यावर उलथवली. शेवटी मी लिफ्ट कंपनीला फोन लावला. त्या लिफ्टचं दार एका देशातलं, मोटर दुसऱ्यातली, आणि तक्रार ऐकणारी मुलगी तिसऱ्यातली. आपल्याकडे संध्याकाळ होती, तिने मला सुप्रभात म्हटलं. मग संगीत ऐकवलं, चौथ्या देशात जोडून दिलं, आणि तिथल्या गृहस्थांनी आमची सेवा आपणास कशी वाटली, असं विचारून फोन ठेवला. सारं जग हे एक कुटुंब आहे, असं मी आयुष्यभर वर्गात शिकवत आलो. आहेही. पण आपल्याही कुटुंबात वेळेला फोन कोण उचलतं?

तेवढ्यात नाक्यावरचा मेकॅनिक आला. म्हणाला, दार तोडावं लागेल, तुमच्या मुख्य माणसाची परवानगी द्या. मुख्य माणूस आतून गरजला, "खबरदार! ठराव कुठाय?"

"अहो भावोजी, हो म्हणा आणि बाहेर या!"

"मेहुणे, नियम मी केला आणि मीच मोडू? आधी सभा घ्या."

"सभेला तुम्ही खुर्चीत हवेत ना!"

"मग मला बाहेर काढा."

(न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. मेकॅनिकने याला वेगळं नाव दिलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई फटीखाली टाचा उंचावून उभ्या राहिल्या आणि दाढ काढण्यापूर्वी बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, राजीनामा द्या. खुर्ची रिकामी झाली की दुसरा बसेल, ठराव होईल, दार तुटेल. आधी खुर्चीतून बाहेर या, मग लिफ्टमधून."

बूट स्तब्ध झाले. खुर्ची सोडायची, ही कल्पना त्यांच्या मनाला कधी शिवलीच नव्हती. पण कुठल्याही राज्यघटनेपेक्षा जुनी अशी निसर्गाची एक हाक असते. ती त्यांना आली. बूट आधी नुसते चुळबुळले, मग जागच्या जागी चालू लागले, आणि आतून बारीक आवाज आला, "दिला! दिला राजीनामा! लवकर करा!" ताई, इतक्या झटपट झालेलं सत्तांतर जगाच्या इतिहासात विरळा. हात वर झाले, खुर्ची भरली, ठराव झाला, दार तुटलं. माजी अध्यक्ष टाळ्यांच्या गजरात, कुणाकडेही न बघता, जवळच्या घरात धावले. परत आले ते इतके प्रसन्न, की मी त्यांना तुमच्या लग्नानंतर प्रथमच तसं पाहिलं. मग जिन्यातच चहा झाला.

तुझा,
धाकटा

ता. क. : नवा अध्यक्ष मी आहे. बाईंनी मला सुचवताच लिफ्टमधूनच पाठिंबा आला, "मान्य! हा काही करणार नाही, याची मला खात्री आहे."

आणखी एक : पत्र खरं तर यासाठीच. भावोजी आता विरोधी पक्षात आहेत. दार कुणी तोडलं, असा जाब ते मला रोज सकाळी मी दात घासत असतानाच विचारतात. लोकशाहीला विरोधक हवाच, पण तो काही महिने परदेशी असला तर लोकशाही जास्त फुलते. त्यांना नात बघायला बोलावून घे ना.

शेवटचं : त्यांना विचारलं. एका पायावर तयार आहेत, शीळ घालत बॅग भरताहेत. फक्त लेकीच्या इमारतीची वार्षिक सभा कधी असते, तेवढं कळव म्हणाले.