कोरा दोरा

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८३४

“पहिल्या खेपेला मी तुझ्या उशाशी असंन.” — आई म्हणाली होती. एकोणीस वर्षं झाली त्याला. आणि खरंच होती. माझा हात सोडला नाही तिनं.

आता माझ्या शिवकन्येला सातवा लागलाय. घाट उतरला की तीन कोसांवर तिचं सासर. आणि मी इथं धारूरला — माजघर ते परसदार, परसदार ते माजघर. हे गेल्यापासून तर ओसरीही बंद.

जाऊबाईंच्या तोंडून थोरल्या दिरांना विचारलं, लेकीला बाळंतपणाला आणायचं का? मोहनरावांचं उत्तर आलं, “सुंदररावानं कचेरीत माझ्याविरुद्ध साक्ष दिली. त्याच्या दारात आपली बैलांची दमणी जायची न्हाई.”

सुंदरराव म्हणजे शिवकन्येचे सासरे. तेही कचेरीच्या पायरीवर सगळ्यांदेखत बोलून गेलेत — “आता धारूरला मयतीलाच येईन!”

भांडले दोघं पुरुष. लेकीला कुणी विचारलं?

शुद्ध ५

सकाळी चतुराबाई फुलारीण देवाची फुलं घेऊन आली. माझे डोळे बघून म्हणाली, “कावून रडता बाईसाहेब?”

सांगितलं. डोहाळजेवण दशमीला आहे म्हणे. फुलांची वाडी माहेरची असते. माझ्या लेकीला कोण पाठवणार? इथून फुलं धाडली तर घाट उतरेपर्यंत माना टाकतील, आणि आमच्या घरचं म्हटल्यावर दारातूनच परत येतील.

“हितली कशाला? माजी नणंद हाय की तितं, बायना. त्या घरचा रतीब तिचाच. मी सांगावा धाडते. त्याच दिवशी, तितल्याच शेवंतीचे दागिने गुंफून पोरीच्या अंगावर घालंल. गावच्या फुलाला कोन इचारतंय, कुटनं आलं म्हनून?”

सांगावा म्हणजे काय, तर दोरा! जितक्या गाठी तितके दागिने. धुळाजी धनगर पहाटे घाट उतरतो. दोरा बायनाच्या दाराच्या कडीला बांधतो, कुणाचा कुणासाठी ते शेजारणीला सांगतो आणि पुढं निघतो.

हसले मी. किती दिवसांनी!

शुद्ध ८

जाऊबाईंना संशय आलाय. “फुलारणीशी एवढं काय गुलुगुलु?” म्हणाल्या. तुळशीचं बोलत होते म्हटलं. खोटं बोलले. वाईट वाटलं नाही.

शुद्ध १०

चतुराबाई आलीच नाही. हिवतापानं पडलीय. आणि धुळाजी परसदारी उभा — “दोरा द्या बाईसाहेब, ऊन व्हईल.”

वातींसाठी ठेवलेल्या कापसाचा दोरा वळला. सात गाठी मारल्या. मुकुट, दोन बाजूबंद, दोन मनगटांना, वेणी, हार. सवाष्णीची फुलं गुंफायला माझे हात चालत नाहीत. गाठी मारायला चालले!

संध्याकाळ झाली. आता शेवंती तिच्या केसांत असेल. तिला कळेल का कुणाची ते? कळेलच.

शुद्ध ११, सकाळी

देवा, मी हे काय करून बसले.

चतुराबाई काठी टेकत आली. पहिलंच विचारलं, “दोऱ्याला कुंकू लावलंव ना?”

माझ्या खोलीत कुंकू कुठलं?

ती ओरडलीच, “आगं माय! कुंकवाचा दोरा शुभाचा. कोरा गेला म्हंजी — मयतीची फुलं, न गुंफता मोकळीच.” दरवेळी ती स्वतःच हातासरशी कुंकू लावते, त्यामुळं मला सांगायचं तिला सुचलंच नाही.

आमचा, धारूरच्या देशमुखांचा दोरा, शिवकन्येसाठी, कोरा. तिकडं काय समजले असतील? मी गेले, असंच ना! सातव्या महिन्याची पोर माझी. चतुराबाई तापातच धुळाजीला शोधायला गेली. मला तर रस्ताही दिसत नाही इथून.

शुद्ध ११, दुपारी

शिवकन्या माझ्या मांडीवर झोपली आहे. रडून रडून. गर्भारशीनं मयतीला जाऊ नये, सगळ्यांनी अडवलं — ऐकलं नाही तिनं. रात्री घाट चढता येत नाही म्हणून पहाटेच निघाली; पदरात बायनानं काल दिवेलागणीला दिलेली मोकळी शेवंती तशीच. माझ्या अंगावर वाहायला आणलेली. मला दारात उभी बघितली आणि ती फुलं घट्ट धरूनच खाली बसली.

बाहेर तिची दमणी उभी आहे. ओसरीवर सुंदरराव आणि आमचे थोरले समोरासमोर. तोंडं फिरवलेली. जाऊबाईंनी दिलेलं गूळपाणी मात्र दोघंही प्याले. आत्ताच सुंदररावांचा निरोप आत आला — “मेल्या न्हाईत ना? मग सूनबाईला उठवा. दिवसाउजेडी घाट उतरायचाय.”

मेले असते तर शेवटची इच्छा म्हणून ऐकलं असतं. जिवंत बाईला नाहीच म्हणतील. जाऊबाईंना मध्ये घालणार नाही. मी स्वतः ओसरीवर जाते आहे, एवढंच सांगायला —

व्याहीबुवा, बाळंत होईपर्यंत माझ्या लेकीला माझ्याजवळ राहू द्या.