दुसऱ्यांदा विचारताना

माय,

व्हिसा मिळाला. आधी तेच सांगून टाकते, कारण कुणी काही सांगायला बसलं की तू मध्येच तोडायचीस, "आधी सांग, समदे जित्ते हायेत ना? मंग बाकीचं निवांत सांग." तर समदे जित्ते आहेत आणि मी कॅनडाला चालले आहे. काल दुपारी मेंढरांना पाणी दाखवून त्यांच्या काट्यांच्या कुंपणात, वाडग्यात आले, तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती नुसती "आई, झालं" म्हणाली आणि मी अशी काही ओरडले की तुझे जावई काठी घेऊन पळत आले. त्यांना वाटलं लांडगा आला. मी म्हणाले, "लांडगा न्हाई, सरकार आलंय." आता पासपोर्ट हैदराबादला पाठवायचा, त्यावर शिक्का उठायचा, एवढंच राहिलंय.

माझी लेक तू पाहिलीस तेव्हा ती रांगत होती. तीच आता दसऱ्याला बाळंत व्हायची आहे, सात समुद्रांपलीकडे. नवरा दिवसभर कामावर, शेजारी कोण आहे तेही धड माहीत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे तिलाही ठाऊक आहे, पण डॉक्टर तिकडचा, कागद तिकडचे, तिला काही येता आलं नाही. मग म्हटलं, लेक माहेरी येत नसेल तर माहेरच लेकीकडे जाईल. बोलायला सोपं होतं.

नांदेडला कागद करून देणाऱ्या एका माणसाकडे आम्ही दोघं गेलो. माणूस गोड बोलायचा. म्हणाला, "मावशी, ते मेंढ्याबिंढ्या काही लिहू नका. गृहिणी लिहा. आणि खातं जरा वजनदार दिसू द्या." आता आपली मालमत्ता कशी असते तुला सांगायला नको. ती चार पायांवर उभी असते, सकाळी चरायला जाते, संध्याकाळी घरी येते. बँकेत ती कधी जाऊन बसली नव्हती. मग आपल्या लोकांनी जे केलं असतं तेच आम्ही केलं. कळमनुरीच्या बाजारात अर्ध्याहून जास्त मेंढरं विकली आणि एका दिवसात सगळे पैसे खात्यात टाकून दिले. तू लग्नात आंदण दिलेली ती कपाळावर पांढरा टिळा असलेली मेंढी आठवते? तिच्या वंशातल्याही त्यात गेल्या. वाडगं इतकं रिकामं दिसायचं की मी तिकडे बघायचं टाळत होते.

उन्हाळ्यात उत्तर आलं. नकार. मुक्काम संपल्यावर तुम्ही आपल्या देशात परत जाल याची खात्री वाटत नाही, असं त्यात होतं, आणि खात्यातला पैसा एकाएकी कुठून आला तेही समजत नाही म्हणे. माय, माझा असा संताप झाला. मी परत येणार नाही? मी? त्या बर्फात मी काय राखत बसणार होते? आठवडाभर मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते. तुझे जावई समजूत घालायला गेले, "जाऊ दे आता. लेकरू मोबाईलवर बघू. रोज बघू." त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. लेक तर फोनवर रडायलाच लागली. "आई, आता नको पुन्हा अर्ज करू. पुन्हा न्हाई म्हणले तर मला सोसायचं न्हाई."

तिचं ते 'पुन्हा' ऐकलं आणि मला नरसीकडचं ते शेत दिसायला लागलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आपण मेंढरं घेऊन बाहेर पडलेलो आहोत, सोयाबीन निघून रान मोकळं झालंय, आणि तू एका शेतकऱ्याला विचारतेस की खतासाठी त्याच्या वावरात मेंढरं बसवू का. तो बांधावरूनच हात हलवून नाही म्हणतो. रातभरात वावरभर खत पडणार, बदल्यात त्यानं नुसती चार पायल्या ज्वारी द्यायची, तरी नाही. मी तर तोंड फुगवून पुढे चालायला लागते. तू म्हणतेस, थांब, अजून एकदा जाऊ. मी म्हणाले, "पुन्हा काहून जायचं? हाकललं ना त्यानं?" तेव्हा तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. ती टपली अजून लागते. "हाकललं न्हाई, भ्यालाय तो. कशाला भ्यालाय ते बघ आधी. तोंड काय फुगवून राहिली?"

तू बांधावर बसून त्याचं वावर बघत राहिलीस. शेजारच्या भावकीची तूर उभी होती, शेंगांनी लदबदलेली. मेंढरं तिकडे घुसली असती तर भांडण त्याच्या दारात गेलं असतं. कोयता घेतलास, बाभळीच्या काट्या तोडल्यास आणि तुरीच्या बाजूनं कुंपण घातलंस. मग त्याच्याकडे गेलीस आणि म्हणालीस, "पाटील, काट्या लावल्या. एकदा येऊन बघा, मंग न्हाई म्हणा." तो आला, काट्या हलवून बघितल्या, आणि म्हणाला, "बसवा." त्याच्या वावरात आपण तीन रात्री राहिलो आणि निघताना त्याच्या बायकोनं मला गूळ दिला.

लेकीला मी म्हणाले, तो व्हिसाचा साहेब वाईट नाही, भ्यालाय. त्याला वाटतं ही बाई येईल आणि राहील. आणि वाटेल नाही तर काय? मला घराकडे ओढणारं जे होतं तेच आपण बाजारात विकलं आणि त्याच्यापुढे नुसते पैसे ठेवले. ती म्हणाली, "आई, हे तू आधी काहून न्हाई सांगितलं?" आधी मला तरी कुठं कळलं होतं.

त्या पैशांतून आम्ही पुन्हा मेंढरं घेतली. टिळ्याच्या दोन मेंढ्या एका ओळखीच्याकडे सापडल्या. त्यानं भाव वाढवून सांगितला, मी हुज्जत घातली नाही. बाजारातल्या विक्रीची पावती जोडली, म्हणजे पैसा कुठून आला ते कळावं. औंढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून लसीचा दाखला आणला, सरपंचांचं पत्र आणलं, मेंढरांच्या कानांतले नंबरचे बिल्ले दिसतील असा कळपाचा फोटो काढला. फोटोत मध्ये मी उभी, डोक्यावर पदर, हातात काठी. आणि पत्र मी सांगितलं, लेकीनं इंग्रजीत लिहिलं. मी सांगितलं, लिही: मी मेंढपाळ आहे, मागच्या वेळी गृहिणी लिहिलं ते अर्धंच खरं होतं. दिवाळीनंतर माझ्या मेंढ्या व्यायला लागतात. एखादी अडली तर आत हात घालून कोकरू सोडवावं लागतं, आणि आमच्या घरात ते मलाच जमतं, कारण नवऱ्याचा हात मोठा आहे. म्हणून लेकीचा सव्वा महिना झाला की मला परत यावंच लागेल.

लेक म्हणाली, "आई, असं कुणी सरकारला लिहितं का?"

मी म्हणाले, "माझी मेंढी अडल्यावर सरकार येणार हाय का? लिही."

तिनं लिहिलं. आणि माय, त्यांनी हो म्हटलं. ना मी खोटं बोलले, ना कुणाच्या पाया पडले. जी आहे ती सांगितली आणि तीच चालली. कालपासून मी गावातून अशी चालते आहे जशी काही सरपंचाची निवडणूक जिंकले. सकाळपासून बाया येत आहेत, कुणी बाळंतशेपा देतं, कुणी डिंक, कुणी विचारतं विमानात चटणी नेऊ देतात का. तुझे जावई आपल्याच लोकरीचं लहानसं घोंगडं विणून आणायला गेले आहेत. जाताना म्हणाले, "मोबाईलवर बघू म्हणलं होतं ते मागं घेतो." मी म्हटलं, घ्याच.

तू गेलीस तिथं टपाल जात नाही, हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून शेवटचं सांगते. काल ओरडून झाल्यावर, सगळी पांगल्यावर, मी वाडग्यात एकटीच बसले होते. दसरा डोळ्यांपुढे आला, ते लेकरू हातात आलं, त्याची मूठ माझ्या बोटाभोवती. आणि पहिल्यांदाच मनात आलं की सव्वा महिन्यानं ती मूठ मी सोडवणार कशी? मेंढ्या आहेत, मी येईन, शब्द दिलाय. पण त्या साहेबाची शंका अगदीच काही खोटी नव्हती. हे मी पत्रात लिहिलेलं नाही.