आठ हातांची म्हातारी आणि दहापैकी चार गुण

२१ ऑगस्ट

चिहारु,

मला ऑक्टोपस केलंस ते केलंस, निदान आधी विचारायचं होतंस. सहा वर्षं तू तोक्योत बसून तो गेम लिहीत होतीस. दर नववर्षाला इथं येऊन माझ्या हातचं जेवत होतीस. एकदाही म्हणाली नाहीस, की आजी, त्यात आठ हातांचं एक म्हातारं ध्यान आहे आणि ते तुझ्यासारखंच डोक्याला पांढरं फडकं बांधतं. मला ते किनाऱ्यावरच्या खोपीत, बुडी मारणाऱ्या सगळ्या बायकांसमोर कळलं. सहा जणी हसल्या. किकुनो तर खोकेपर्यंत हसली.

बरी आहेस ना? मी बरी आहे. गुडघा आहे तसा आहे. वादळानं समुद्र तीन दिवस बंद आहे, कुणी बुडी मारायला जात नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागेल तसं लावून घे. पितरांच्या सणाला तू आली नाहीस. आजोबांच्या फोटोपुढं कलिंगड मीच ठेवलं आणि मीच खाल्लं.

तू पाठवलेलं मशीन किकुनोनं टीव्हीला जोडून दिलं. तुला माहीत आहे, मी चौथीत शाळा सोडून पाण्यात उतरले. आयुष्यात औषधाच्या पुड्या आणि मच्छीमार सोसायटीचा फळा याच्यापलीकडं काही वाचलं नाही. वर्तमानपत्रातली ती दाट अक्षरं मला येत नाहीत. तुझ्या गेममध्ये प्रत्येक अवघड अक्षराच्या डोक्यावर बारीक सोपी अक्षरं आहेत, लहान मुलांसाठी. शिवाय बटण दाबेपर्यंत ते पुढं जात नाही, गप्प थांबतं. तेव्हा एवढं लांबलचक काहीतरी मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. दोन महिने लागले.

लोक म्हणतात त्यात वाचायला फार आणि लढायला कमी. मला उलट लढाईचाच कंटाळा आला. चौकटी आखलेल्या, एक जनावर दोन घरं सरकतं आणि उभं राहतं, मग दुसऱ्याची पाळी. तेवढ्यात मी चहा ठेवून यायची. त्याबद्दल तुम्हाला बोलणी बसली ती बरोबरच बसली.

रानातली जनावरं बोलून बोलून आपल्या बाजूला वळवायची, तेही म्हणे फार अवघड आहे, कुठलं उत्तर त्यांना आवडेल ते कळत नाही. मी चाळीसपैकी एकतीस वळवली. बायकांनी विचारलं, कसं जमलं. म्हटलं, कमी बोलायचं.

आता त्या गेमवाल्या साप्ताहिकाचं. चार जणांनी तुझ्या गेमला दहापैकी गुण दिलेत, ते किकुनोनं खोपीत शेकोटीपाशी मोठ्यानं वाचलं, कारण त्यात बारीक अक्षरं नाहीत. पहिल्यानं सात दिले, दुसऱ्यानं सात, तिसरीनं सहा. चौथ्यानं चार. त्याचा फोटो आहे, चष्मा आहे, मान बारीक आहे. किकुनोनं शिंपला मापायची पट्टी त्याच्या फोटोवर ठेवली.

"हा मापात बसत नाही," म्हणाली. "परत टाका पाण्यात."

"आधी वाच तरी, काय म्हणतोय," मी म्हटलं.

तो म्हणतो, सगळ्यात वाईट प्रसंग धक्क्यावरचा. सहा वर्षांची पोर रोज संध्याकाळी बोटीची वाट बघत धक्क्यावर उभी असते. ते आठ हातांचं जनावर तिच्यापाशी येतं. ती विचारते, आई येईल ना? ते म्हणतं, "नाही येणार. घरी चल. भात निवतोय." बस. याच्यावर तो लिहितो, की लहान मुलाशी असं कुणी बोलत नाही.

"घे, कुणी बोलत नाही म्हणे," किकुनो म्हणाली. "हात्सुए, तू कुणी नाहीस."

"मी तर तेव्हा धक्क्यावरच होते, जाळं विणत," पलीकडून एक जण म्हणाली. "अक्षरन्अक्षर हेच बोलली होती ही. भातासकट."

पुन्हा हसणं झालं. मीही हसले. मग किकुनोनं त्याचं शेवटचं वाक्य वाचलं. तो म्हणतो, हे जनावर काहीतरी लपवून बोलतंय असं वाटत राहतं, पण गेम संपेपर्यंत ते काय लपवतंय हे कळत नाही. बहुधा लिहिणारीलाच ते माहीत नसावं.

मी उठून शेकोटीत लाकूड घातलं. लाकडाची गरज नव्हती.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, की कंपनी तो प्रसंग बदलायला सांगते आहे, महिनाअखेरपर्यंत नवा लिहून द्यायचा. ऑक्टोपस आठही हातांनी पोरीला कवटाळून रडणार. तू म्हणालीस, "बदलून टाकते आजी, लोक म्हणतात असं कुणी बोलत नाही, मीच काहीतरी चुकीचं आठवत असेन." त्यावर मी तुला विचारलं, जेवलीस का. तू फोन ठेवलास.

तू चुकीचं आठवत नाहीस. चष्मेवालाही चुकलेला नाही.

त्या दिवशी दुपारी सातोमीचा फोन आला होता, तोबाच्या बंदरावरून. तुला माझ्याकडं टाकून गेली त्याला आठ महिने झाले होते. म्हणाली, आई, पाचच्या बोटीनं येते, चिहारुला न्यायला. मी म्हटलं, येऊ नकोस, पोर तुला विसरली.  ती म्हणाली, बरं. पाचला तू धक्क्यावर उभी होतीस.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की तिच्याबरोबरचा तो पाचिंकोच्या जुगारी मशीनवाला माणूस चांगला नाही. चांगला नव्हताच. पण वर्षाच्या आत तो निघून गेला, हे मला कळलं होतं. तरी मी तिला फोन केला नाही. तेव्हा तू पाण्यावर तरंगायला शिकली होतीस. घरात दोघींचा भात लावायची सवय झाली होती. याहून जास्त कारण माझ्यापाशी नाही.

मोठी झाल्यावर तू तिला शोधलं नाहीस, कारण येणार नाही असं मी सांगितलं होतं आणि तुझा माझ्यावर विश्वास होता. ती दर नववर्षाला मला कार्ड पाठवते. तू यायच्या आधी मी ते गठ्ठ्यातून काढून ठेवते. यंदाचं सोबत घातलंय. मागं पत्ता आहे, नागोयाचा. जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात स्वयंपाक करते.

प्रसंग बदलायचा की नाही ते तू बघ, मला त्यातलं कळत नाही. मात्र ऑक्टोपसला रडवू नकोस. ते तेव्हा रडलं नव्हतं, घरी येऊन मासा भाजला होता. लपवलेलं काय होतं ते आता तुला माहीत आहे. लिहायचं असेल तर ते लिही. चष्मेवाल्याला तक्रारीचं पत्र धाडायचं किकुनोनं ठरवलं होतं, ते मी फाडून टाकलं.

उद्या समुद्र उघडेल. आवाबी शिंपल्यांचा हंगाम सप्टेंबरात संपतो, तोवर मी रोज पाण्यात आहे, दुपारी फोन केलास तर घरात कुणी नसेल. करूही नकोस. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. हे घेऊन नागोयाला जा आणि सातोमीच्या हातात दे. उत्तर तिनं द्यायचं, स्वतःच्या हातानं, आणि प्रत्येक अवघड अक्षरावर बारीक अक्षरं घालून. ते मला किकुनोकडून वाचून घ्यायचं नाही.

हात्सुए