कप्तानाचा नारळ

दादर, ५ ऑगस्ट १९८५

ती. अक्कास,

हरीचे साष्टांग नमस्कार. वि. वि.

बातमी गोड आहे. आपलं 'अगस्तीयान' रेडिओवरून टीव्हीवर चाललं आहे! चौदा वर्षं कानांनी ऐकलेलं अवकाशयान आता डोळ्यांनी दिसणार. मात्र जुन्याच कथा नकोत, नवी मालिका हवी, असं निर्माते म्हणतात. मी तीन कल्पना दिल्या आहेत. पहिली, कप्तानाचं तरुणपण. दुसरी, चंद्रावरची खलाशांची शाळा. तिसरी, वाट चुकलेला कप्तान एकदाचा पृथ्वीवर परत येतो. तिसरी ऐकून साहेब खुर्चीतून उठलेच. पहिल्याच भागात त्याला घराच्या दारात उभा करा म्हणाले.

लहानपणी चिवल्याच्या वाळूत पालथ्या होडीखाली बसून आपण तिघा भावंडांनी हे यान पहिल्यांदा उडवलं. तेव्हापासून लाल पेन्सिल तुझ्याच हातात आहे. कुठली कल्पना खोडायची, ते कळव.

आईला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
हरी


मालवण, १४ ऑगस्ट १९८५

चि. हरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. आमच्या शाळेच्या सिस्टर जोसेफिना असत्या, तर शाळेची कल्पना वाचून खलाशांच्या नखांची तपासणीही घाला म्हणाल्या असत्या. कप्तानाचं तरुणपण मला आवडलं. तिसरीवर मात्र लाल रेघ मारते आहे. का, ते सांगते.

रेडीहून खनिज भरून निघालेलं आपल्या जयरामचं जहाज बेपत्ता झालं, त्याला या भाद्रपदात बारा वर्षं होतात. भटजी येऊन गेले. बारा वर्षं वाट पाहून झाली, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, नाहीतर त्याला गती नाही, असं त्यांनी आईला समजावलं. आईने त्यांना चहा दिला, केळी दिली आणि सांगितलं की, भटजीनू, माजो झील जयराम जिवंत आसा.

मी रागावले. तेव्हा तिने मनातलं सांगितलं. तिला वेड लागलेलं नाही, हरी. कप्तान तू लिहितोस, बोलतो तो नट, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण तिचं म्हणणं असं, की कप्तान म्हणजे जयरामच. तसंच हसणं, अंगणातल्या माडाचा एक नारळ तसाच बरोबर नेणं, घरी पोचेपर्यंत तो न फोडणं. ती म्हणते, बारा वर्सां हरी तेका मारणा नाय. हरी मुंबयत ऱ्हवता, बोटीच्या कंपनीत जाता-येता. तेका कायतरी खबर आसतली, म्हणान मारणा नाय!

दर सोमवारी ती रेडिओसमोर बसते, ती गोष्ट ऐकायला नव्हे. तुझा निरोप ऐकायला.

आता तू कप्तानाला दारात उभा केलास, तर ती आपलं दार उघडून बसेल. तू काही जाणत नाहीस, हे तिला लिहून टाक. माझं ती ऐकत नाही.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
अक्का


दादर, १० सप्टेंबर १९८५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार पत्रं लिहून फाडली.

आईचं बरोबर आहे. मला खबर होती.

सोबतचा कागद बघ. जहाज बेपत्ता झाल्यावर सहा महिन्यांनी कंपनीने दिला. अरबी किनाऱ्यालगत जहाजाचं नाव असलेला तराफा मिळाला, रिकामा, उलटा झालेला. कुणी वाचल्याची शक्यता नाही, शोध थांबवला आहे, असं त्यात आहे. त्या दिवशी मला एक भाग लिहून द्यायचा होता. त्यात कप्तान मरणार होता, तसं आधीच ठरलं होतं. मी कागद खणात ठेवला आणि कप्तानाला वाचवलं. पुढच्या सोमवारी पुन्हा वाचवलं. मग तुम्हाला सांगण्याची वेळच निघून गेली. आईसाठी केलं म्हणालो तर खोटं होईल. जयरामदादाचा आवाज दर आठवड्याला माझ्याच कानांना हवा होता.

यंदा चवथीला येत नाही. आईच्या हातचा मोदक घशाखाली उतरणार नाही. कागद तिला वाच किंवा चुलीत घाल, तू ठरवशील ते. साहेबांना अजून उत्तर दिलेलं नाही.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

हरी


मालवण, २७ सप्टेंबर १९८५

चि. हरीस,

आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. पाच दिवस तुझ्या नावाचा मोदक पानात तसाच राहिला, आणि राग त्याच्याबरोबर शिळा झाला.

गणपती पोचवून आल्यावर कागद आईला वाचून दाखवला. ती ओट्यावर वाल सोलत होती. सोलतच राहिली. टोपली संपली तेव्हा सालींमध्येही दाणे पडलेले दिसले. मग हळूच म्हणाली, हरयान बारा वर्सां एकट्यान ह्या कसा उचललान गो? एवढंच. तुझ्यावर एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी बोळातलं कुणीतरी विचारून गेलं, टीव्हीवर कप्तान कधी येणार म्हणून. आई माझ्याकडे वळली आणि तिने भलतंच विचारलं. यानातलो नारळ बारा वर्सां तसोच? कोम नाय फुटलो? कसले गो तुमचे दर्यावर्दी! मी हसले, मग मला हसू आवरेना, मग रडू आवरेना.

नवी मालिका तिनेच सांगितली. लिहून घे म्हणाली. नवी पोरं नव्या यानातून कप्तानाला शोधायला निघतात. त्यांना जुनं यान सापडतं. आत कुणी नाही. नारळाला कोंब येऊन माड झाला आहे, झावळ्या छताला टेकल्या आहेत. पोरांनी तिथे सावलीत बसून जेवावं आणि पुढे जावं. माज्या जयरामाक खोट्यान परत हाडू नकात.

मी लाल पेन्सिल घेऊन बसले होते. एक अक्षर खोडलं नाही.

सर्वपित्री अमावस्येला ये. धाकटा भाऊ तूच, अग्नी तुलाच द्यायचा आहे. पळसाची पानं मी धामापूरहून मागवली आहेत. पुतळ्याच्या डोक्याला नारळ लागतो. तो जयरामच्या माडाचा आईने काल उतरवून घेतला, पदराने पुसला आणि देवाजवळ ठेवला आहे.

त्याच माडाखालचा आणखी एक तिने पोत्यात बांधला आहे. याला वीतभर कोंब आहे. हा तू परत जाताना न्यायचास. टीव्हीवाल्यांनी माड कागदाचा करू नये, म्हणून.

वाट पाहते. या घरातलं कुणी आता 'वाट' या शब्दाला भीत नाही.

तुझी,
अक्का