दादाच्या गाडीचे टॅपेट

७ डिसेंबर, रविवार

आला! वर्षभर ज्याचा फोन मी उचलला नाही, तो सुशीलदादा आज मनीषनगरात, माझ्या दारात — बाबांच्या मोटारसायकलवर! बाबा मले देऊन गेले होते ती. तेरवी झाल्या-झाल्या "पोरीले काय करायची?" म्हणत यानं नेली.

म्हणे, "टॅपेट भलतेच वाजून राहिले वं. बाबांनी शिकवलं ना तुले? करून दे."

ठेवून जा म्हटलं. इंजिन रात्रभर थंड होऊ दे. चहाचं विचारलं नाही. मुद्दाम!

८ डिसेंबर

केलं.

सकाळीच झाकणं खोलली, पिस्टन वर आणला, टॅपेट अन् वॉल्वच्या मधल्या फटीत बाबांची मापाची पत्ती घातली. ती जराशी अडकत सरकली पाहिजे. धूर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वॉल्वला मी ती सरकूच दिली नाही — स्क्रू कसून टाकला! आता गाडी तापली की वॉल्व नीट बंद होणार नाही अन् हळूहळू जळून जाईल. टॅपेट थोडे वाजले तर बरे असतात, मुके झाले की घात. पण लोकं आवाज गेला की खूश!

झाकणं परत लावून हात धुतले.

९ डिसेंबर

दादा गाडी घेऊन गेला. चालू करून कान लावून उभा राहिला बराच वेळ. "मस्त झालं," म्हणे. शनिवारी मित्रांसोबत चिखलदऱ्याले चालला.

जाय बापा, जाय!

१३ डिसेंबर, शनिवार

घाटात बंद पडली पाहिजे. सगळ्या मित्रांसमोर ढकलत आणली पाहिजे त्यानं! घाम फुटला पाहिजे! त्याले काही होऊ नये, तेवढं सोडून सगळं होऊ दे.

१४ डिसेंबर

चिखलदऱ्याचा फोटो टाकला. गाडीवर बसून दात काढून राहिला! चढली कशी?

१५ डिसेंबर

राहवलं नाही. हर्षावहिनीले फोन करून गाडीचं आडून विचारलं.

"अवं, तुझ्याकडून आणली अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांनी खोलली. एक टॅपेट टाइट होता म्हणे. स्वतःच नीट केला. टॅपेटचं काम दरवेळी घरीच करतात ना! तुले सांगू नको म्हणाले होते."

मग माझ्याकडे काहून आणली?

वहिनी म्हणाली, "फोन तर तू उचलत नाहीस. बाबांच्या गाडीसाठी तरी दार उघडशील म्हणे."