मधल्या पट्ट्या

५ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बस चढावर दमली, मी नाही. पियानो दुरुस्तीचं माझं स्वतःचं असं हे पहिलंच मोठं काम, आणि तेही राहून करायचं, दोन वेळच्या जेवणासकट. घर टेकाडाच्या माथ्यावर आहे. खिडक्यांना जाड गज, पण खाली सगळं गाव दिसतं.

घरात दोनच माणसं. मास्तर संगीत शिकवतात. चाळिशीचे, लाजरे, चहात साखर घालतानाही बहिणीकडे बघतात. थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणायला लागले. आई गेल्यावर त्यांनीच भावाला वाढवलं, पियानोही त्यांनीच शिकवला. मास्तरांची बायको घर सोडून गेली, असं ताईंनी जेवताना सांगितलं, मीठ पुढे सरकवावं तसं सहज.

पियानो देखणा आहे. आडवा, काळा, निम्मा लाकडाचा आणि निम्मा विजेचा. खऱ्या तारा, खऱ्या हातोड्या, आणि पट्ट्यांखाली सेन्सर. आवाज बंद केला की एक दांडी हातोड्यांना तारांपाशी अडवते आणि सूर फक्त हेडफोनात येतात. हवं तर विजेच्या जोरावर तो आपला आपणही वाजतो. तक्रार एवढीच, की मधल्या दहाबारा पट्ट्या अचानक एकदम खाली जातात. दणका घातल्यासारख्या, मास्तर म्हणाले. शिकायला येणारे घाबरून येईनासे झालेत. मी म्हटलं, सेन्सर असेल, चुटकीसरशी होईल.

६ नोव्हेंबर

चुटकी काही वाजली नाही. सगळे सेन्सर तपासले, धूळ काढली, मांडणी नव्याने बसवली. कुठे काही बिघडलेलं नाही.

दुपारी आवाज बंद करून, हेडफोन लावून एकेक पट्टी ऐकत होते. तेवढ्यात मधल्या पट्ट्या खाली गेल्या. हातोड्या दांडीला न जुमानता तारांवर आदळल्या. कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. मी प्लग उपसला. प्लग माझ्या हातात असताना पट्ट्या पुन्हा खाली गेल्या.

विजेशिवाय हे होऊच शकत नाही. मी हेच काम शिकले आहे, म्हणून सांगते.

आणखी एक. पट्ट्या सारख्या दबत नाहीत. मधल्या खोल, कडेच्या हलक्या. वरून काहीतरी गोल आपटावं तशा.

ताई म्हणाल्या, हवा दमट आहे, लाकूड फुगतं. वरवर काय करायचं ते कर, पट्ट्या मात्र उचकटू नकोस. हे त्यांनी अगदी गोड सांगितलं, पण माझं मनगट धरून.

७ नोव्हेंबर, दुपार

एक पट्टी अडकायला लागली, ती काढल्याशिवाय इलाज नव्हता. ताई बाजारात गेल्यावर काढली. खाली काळपट काहीतरी वाळून बसलेलं. कॉफी सांडली असेल म्हणून खरवडलं, तर त्यातून अर्धा दात निघाला. माणसाचा, पुढचा.

मास्तरांना दाखवला. ते जमिनीवरच बसले. दात उजेडात धरून म्हणाले, माझ्या बायकोला दोरा दातांनी तोडायची सवय होती, दाताला खाच पडली होती. दाताला खाच आहे. ते परीक्षा घ्यायला परगावी गेले होते. परतल्यावर ताईने सांगितलं, मीच तिला बसमध्ये बसवून आले.

मग त्यांनी सांगितलं की लहानपणी सूर चुकला की ताई त्यांचं डोकं धरून पट्ट्यांवर आपटायची. हे सांगताना ते हसले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ. ते म्हणाले, तिने मला वाढवलंय, आधी तिला विचारतो.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ

डाव्या हाताने लिहितेय.

मी पियानोखाली उताणी होते, पेडलचे स्क्रू आवळत. तिथून फक्त पाय दिसतात. मास्तरांचे स्टुलाशी. मागून ताईंच्या चपला आल्या. मास्तरांनी दाताबद्दल विचारलं. ती म्हणाली, आधी वाजवून दाखव, मग सांगते. आणि ते वाजवायला लागले. एवढा मोठा माणूस.

सूर चुकला. मग तोच दणका, जो मी दोन दिवस शोधत होते. पुन्हा. पुन्हा. त्यांचे पाय झाडत होते, मग थांबले. ती थांबली नाही. कडेवरून ओघळून माझ्या कपाळावर पडायला लागलं, गरम. मी तिचा घोटा धरून ओढला. तिने माझी बोटं टाचेखाली घेतली आणि पूर्ण भार दिला. मोडताना ऐकू आली.

मग खाली वाकून तिने विचारलं, झालं का गं तुझं काम.

८ नोव्हेंबर

वरच्या खोलीत. काल ताईनेच ओढत आणून कोंडलं, बाहेरून कडी. फोन खाली. गजांतून ओरडले, गाव लांब आहे.

खाली पियानो वाजतोय. आता दोन दणके. एक तिचा, मास्तरांच्या बायकोचा. दुसरा जड, मास्तरांचा. ताई त्याच्यावर ओरडते. मग लोखंड आपटल्याचा आवाज, तारा तुटल्या, एकेक — चाबकासारख्या —

तारा नाहीत. तरी वाजतोय.

नंतर

ताई दाराशी आली. तोंडावरून तार फिरलीय, फटीतून दिसलं, गाल उघडा पडलाय, आतून दात — शांतपणे म्हणाली, घेतलेलं काम अर्धं टाकू नये, चल खाली, बंद कर त्याला.

मी कपाट दाराला लावलं. एका हाताने नीट सरकत —

तिने कडी काढली, दार कपाटाला अडलं. घाव घालतेय. फळी चिरली. तिची बोटं आत

खाली आणखी एक दणका. हलका. बायकोचा नाही. मास्तरांचा नाही. ताईही थांबून ऐकतेय. म्हणते, ऐकलंस ना, हा नवा, हा कुणाचा ते —

कपाट हल